समंजस बारा जण

गुरुवार, ९ नोव्हेंबर

नणंदेनं गेल्या नाताळात दिलेली ही वही अकरा महिने टेलिफोनखाली पडून होती. आज काढली, कारण जे लिहायचंय ते कुणाशी बोलायची सोय नाही.

सकाळी ब्रेड आणायला गेले तर बेकरीच्या टेबलावर पेपर पडलेला. तिसऱ्या पानावर ट्रॉय गॅफ्नीचा फोटो, लग्नातला, कोटाला फूल लावलेला. बार्टलेंच्या गवताच्या शेडला आग लावली म्हणून सहा वर्षांची शिक्षा झालेला ट्रॉय आता सिडनीच्या वरच्या कोर्टात अपिलात गेलाय. अपिलाचा मुद्दा एकच. ज्यूरीचा निर्णय असमंजस होता. म्हणजे पुरावाच असा होता, की कोणत्याही शहाण्या ज्यूरीला शंका यायलाच हवी होती.

त्या ज्यूरीची प्रमुख मी होते. भर कोर्टात उभी राहून 'दोषी' म्हणाले ती मी.

चौसष्ट वर्षांत लोकांनी मला आगाऊ म्हटलं, खडूस म्हटलं, एकदा तर चर्चच्या पायरीवर हिटलर म्हटलं. असमंजस कोणी म्हटलं नव्हतं. बावीस वर्षं मी शेतकी प्रदर्शनात केक तपासते. स्पंज, स्कोन, मुरंबे, फ्रूट केक, सगळं. जाळीवर गार करताना केकच्या बुडाला जाळीचे वण उठले असतील तर तो केक मी बाजूला सारते, मग तो सख्ख्या बहिणीचा का असेना. (एकदा होता. दीड वर्ष बोलली नाही.) ज्यूरीच्या खोलीत प्रमुख निवडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. "कोरल, तुला सवय आहे," म्हणाले.

घरी नवऱ्याला, नेव्हला, बातमी वाचून दाखवली. तो चार वाक्यांनंतर ऐकायचं थांबतो, तरी आज ऐकलं.

"तिथं तीन न्यायाधीश बसणार आहेत ना?" म्हणाला. "मग तू चौथी होऊन बसू नकोस. अंडी जास्त शिजलीयेत."

रविवार, १२ नोव्हेंबर

डोक्यात सगळं परत फिरतंय. एकदा नीट मांडून ठेवते म्हणजे पिच्छा सुटेल.

गेल्या वर्षीच्या आधीचा मार्च. ट्रॉयचं आणि बार्टलेंचं पाण्याच्या पाटावरून वाजलं. ट्रॉय पबमध्ये चार लोकांदेखत म्हणाला, "जाळून टाकीन तुमचं." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेड पेटली. थोरला बार्टले ट्रॅक्टर वाचवायला आत घुसला आणि दोन्ही हात भाजून बसला. त्याला अजून शर्टाची बटणं लावता येत नाहीत. बार्टलेंच्या सुनेनं सांगितलं, बातम्या लागल्या होत्या, सहा वाजून दहा मिनिटांनी पांढरी पिकअप शेडकडून जाताना पाहिली. पांढरी पिकअप आमच्याकडे निम्म्या गावाकडे आहे. ट्रॉयकडेही आहे.

ट्रॉयच्या बाजूनं काय होतं? टॅलिस जंक्शनच्या पंपावरची पावती. वेळ पाच बावन्न. तिथून शेड एक्केचाळीस किलोमीटर, त्यातले शेवटचे बारा मातीचे. अठरा मिनिटांत पोचायला पंख हवेत. शिवाय आगीच्या तज्ज्ञानं कबूल केलं, गवत ओलं बांधलं तर आतून तापून आपोआप पेटू शकतं. ते तर आमच्या कोंबड्यांनाही माहीत आहे.

खोलीत बसलो तो बुधवार. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. पहिल्या फेरीत नऊ विरुद्ध तीन. तीनमधली एक मी. दुसरी अकरा नंबर, शाळेतली लायब्ररियन. गुरुवारी दुपारपर्यंत तिसरा गळाला आणि आम्ही दोघी राहिलो.

मग दुधाचा टँकर चालवणारा सात नंबर टेबलावर थाप मारून म्हणाला, "अरे, त्या टॅलिसच्या पंपाचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे! सगळ्या जगाला ठाऊक आहे." आणि खरंच सगळे हसले. एकीनं त्या घड्याळापायी बस गेली समजून टॅक्सी केली होती, एक जण लग्नाला नवरदेवाच्याही आधी पोचला होता. घड्याळ मी स्वतः पाहिलंय. म्हणजे पाच बावन्न नव्हे, पाच बेचाळीस. मग अठ्ठावीस मिनिटं होतात. अठ्ठावीस मिनिटांत आमच्याकडचा कोणीही पोचेल.

कोर्टात घड्याळाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. काढणार कोण? दोन्ही वकील सिडनीचे.

लायब्ररियन म्हणाली, "जे कोर्टात सांगितलं नाही ते आपण धरायचं नाही." मीही तिच्याच बाजूनं होते. गुरुवारी होते आणि शुक्रवारी जेवणापर्यंतही होते. तीन वाजता न्यायाधीशांनी आत बोलावून सांगितलं की इतका वेळ झालाय तर आता बारापैकी अकरा जणांचं मत चालेल, आणि आज जमलं नाही तर उद्या शनिवारीही दहाला बसू. परत खोलीत आलो. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले आणि पुरावा पुन्हा पहिल्यापासून मनात घोळवला. आणि मन एकदम स्वच्छ झालं. साडेतीनला मी हात वर केला.

अकरा-एक.

तो निर्णय सांगताना माझा आवाज का चिरकला कोणास ठाऊक. तीन दिवस त्या खोलीतल्या पंख्याखाली बसून घसा धरला होता.

दुसऱ्या दिवशी विभागीय फेरीची फ्रूट केकची परीक्षक म्हणून माझी पहिलीच वेळ. बारा वर्षं वाट पाहिली होती त्या निमंत्रणाची. एक्केचाळीस केक होते. सगळे काळजीपूर्वक तपासले, एकावरही अन्याय केला नाही.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

औषधांच्या दुकानात रांगेत केरी गॅफ्नी माझ्या पुढे. ट्रॉयची बायको. शाळेची बस चालवते, नवरा आत गेल्यापासून दोन्ही पाळ्या.  चौदा महिने मी तिच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नाही. रस्त्यावर बस दिसली तरी फुटपाथ बदलते.

आणि ती चक्क हसली. "तुम्ही पुढे जा, कोरल. मला फक्त मलम घ्यायचंय." मग माझा दंड हलकेच दाबून म्हणाली, "मला माहितीये, तुम्हाला काही बोलता येत नाही."

मी घरी येईपर्यंत गोंधळलेली. मी तिच्या नवऱ्याला आत पाठवलं आणि ही मला रांगेत जागा देते! नेव्ह म्हणाला, "काहींचं मन मोठं असतं." तेच असणार.

सोमवार, ४ डिसेंबर

आज टॅलिसला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. येताना पेट्रोल भरलं. पंप आता हरविंदर म्हणून एक उंच, हसरा माणूस चालवतो. भिंतीवरचं जुनं घड्याळ दिसलं नाही म्हणून सहज विचारलं.

"ते? जुन्या मालकाचं होतं, त्याच्याबरोबर गेलं," तो म्हणाला. "दहा मिनिटं पुढे चालायचं. मुद्दाम. म्हणायचा, बायको वेळेवर निघते."

"आणि पावतीवरची वेळ?"

"पावती मशीन काढतं हो. वेळ बँकेकडून येते तिच्यात. त्याचा भिंतीशी काय संबंध? चार वर्षं झाली मशीन बसवून."

चार वर्षं. आग लागली त्याला अजून तीनही व्हायची आहेत.

मी म्हटलं, अस्सं. मग दोन चिकन रोल घेतले, जे मला नको होते, आणि गाडीत बसून राहिले. मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला तेव्हा निघाले.

आता माझं म्हणणं असं की मला काय माहीत? दहा जणांनी शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं. आणि मी फक्त घड्याळावर विसंबून हात वर केला नव्हता. घड्याळ तर गुरुवारीच निघालं होतं आणि गुरुवारी मी हललेही नव्हते. मी हात वर केला शुक्रवारी, तेव्हा मन स्वच्छ झालं म्हणून.

ते कशानं स्वच्छ झालं ते मात्र आज आठवेना.

मंगळवार, १९ डिसेंबर

ट्रॉयच्या वकिलाला पत्र लिहिलं. पाच मसुदे फाडले. नेव्हला सांगितलं नाही. शेवटी सरळ लिहिलं: मी त्या ज्यूरीची प्रमुख होते, आम्ही खोलीत एक अशी गोष्ट धरून चाललो जी कोर्टात आलीच नव्हती, आणि ती चुकीची निघाली. तीन न्यायाधीशांना हे उपयोगी पडेल. पोस्टात टाकलं आणि इतकं हलकं वाटलं की नाताळच्या पुडिंगमध्ये ब्रँडी दुप्पट घातली.

सोमवार, ८ जानेवारी

पत्र परत आलं. सोबत वकिलाचा कागद. त्यानं पहिली ओळ वाचून पत्र बंद केलं म्हणे. ज्यूरीच्या खोलीत कोण काय बोललं हे ऐकायची वरच्या कोर्टाला परवानगीच नाही, ते ऐकणारही नाहीत, आणि मी यापुढे कुणाशी बोलायच्या आधी स्वतःचा वकील गाठावा. शेवटी 'आपल्या भावना समजू शकतो.' माझ्या कोणत्या भावना? पहिल्या ओळीत फक्त माझं नाव आणि हुद्दा होता.

फोन केला. त्याची मदतनीस बाई शांतपणे समजावून सांगत राहिली.

"मिसेस टिपेट, न्यायाधीश तुमच्या ज्यूरीनं काय केलं ते बघत नाहीत. कागदावरचा पुरावा वाचतात आणि स्वतःला विचारतात, एखाद्या समंजस ज्यूरीला हा निर्णय देता आला असता का."

"पण आम्हीच ती ज्यूरी! आम्हाला विचारा ना!"

"तेच तर विचारता येत नाही."

फोन ठेवला. म्हणजे केक कसा झालाय हे ठरवायचं, पण जिनं तो भाजला तिला ओट्याजवळ फिरकू द्यायचं नाही. बाहेर ऐन उन्हाळा, चव्वेचाळीस अंश. कोंबड्या चोची उघड्या टाकून बसल्यात आणि माझीही तीच गत आहे.

शनिवार, २० जानेवारी

काही विशेष नाही. केरीनं फाटकाला जर्दाळूंची पिशवी अडकवून ठेवली होती. चिठ्ठीत फक्त 'के.' मुरंबा केला. नऊ बाटल्या.

गुरुवार, १५ फेब्रुवारी, सिडनी

चुलतबहिणीला भेटायला जाते असं नेव्हला सांगितलं. काल तिच्याकडे फक्त झोपायला गेले. आज दिवसभर कोर्टात होते.

मला वाटलं होतं, ट्रॉयला समोर उभा करतील. तो तुरुंगातून पडद्यावर दिसत होता, टपाल तिकिटाएवढा. खूप वाळलाय. साक्षीदार नाहीत, बार्टले नाहीत, कोणी रडत नाही. तीन न्यायाधीश, पुढ्यात कागदांचे ढीग, आणि बोलणं सगळं पानांच्या आकड्यांत. दोनशे अठरा, ओळ चार. साक्ष देताना ज्या सुनेच्या चेहऱ्याकडे मी टक लावून पाहिलं, ती इथं दोनशे अठरावं पान झालेली.

कोर्टात बोलायला त्या वकिलानं दुसरी वकीलबाई उभी केलेली, ठेंगणी आणि तिखट. वेळांचा हिशेब तिनं इतका सोपा मांडला की मला खुर्चीत बसवेना. सरकारी वकील म्हणाला, सुनेनं वेळ अंदाजे सांगितली असेल, सहा दहा नाही तर सहा पंचवीस झाले असतील, ज्यूरीनं तसं मानलं असणार. मी जवळजवळ उठून म्हणणार होते, 'अहो नाही! कोणीच तसं मानलं नव्हतं!' सून सहा दहाच म्हणत होती, तीनदा विचारलं तरी. बातम्यांत हवामान सांगायच्या आधी, म्हणाली. आमच्या खोलीत तिच्या वेळेबद्दल कोणाला तसूभर शंका नव्हती. हा माणूस आम्ही न केलेला विचार आमच्या नावावर खपवत होता, आणि न्यायाधीश माना डोलवत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मधल्या सुट्टीत बाकावर माझ्याशेजारी कोणीतरी येऊन बसलं. केरी. माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही आलात," म्हणाली. "एवढ्या लांब. मला खात्री होती, त्या बारांतलं कोणी येईल तर तुम्हीच."

"केरी, मी..."

"बोलू नका. तुम्हाला बंदी आहे. पण मी तेव्हाच ओळखलं होतं. 'दोषी' म्हणताना तुमचा आवाज फुटला ना? अकरांचा निर्णय तुमच्या तोंडून वदवून घेतला त्यांनी. ट्रॉयलाही मी सांगितलंय. तो म्हणतो, निदान एक जण तरी होतं."

 मग घंटा वाजली आणि आम्ही आत गेलो. ती माझ्या शेजारी बसली, हात न सोडता, संध्याकाळपर्यंत.

न्यायाधीशांनी आतलं बाहेर बोलू नका असं सांगितलंय. मी गप्प राहिले ते कायद्यानं. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

निकाल राखून ठेवलाय.

शुक्रवार, १६ मार्च

प्रदर्शनाच्या कमिटीचं पत्र आलं, यंदाही विभागीय परीक्षक मीच. उत्तर दिलं नाही. नेव्हनं विचारलं, बरं वाटत नाही का? म्हटलं, उकाडा. मार्चच्या मध्यात, उन्हाळा सरल्यावर, कसला उकाडा!

केरी येते. चहाला थांबते, बसचे किस्से सांगते, कुणाच्या पोरीनं बसमध्ये बेडूक आणला ते. गावात आणखी कोणी तिच्याशी धड बोलत नाही. बार्टलेंचे जळलेले हात सगळ्यांना रोज दिसतात. ती हसते तेव्हा मलाही हसू येतं आणि मग लाज वाटते, आणि ती गेल्यावर मी स्वयंपाकघर दोनदा पुसते. मला तिची वाट पाहायची सवय लागलीय, हे फार वाईट आहे.

अपील तिच्या बाजूनं लागलं की सगळंच मिटेल. मग सांगायचं काही उरणारच नाही. रोज तेवढंच मागते.

शुक्रवार, २७ एप्रिल

फेटाळलं.

दोन विरुद्ध एक.

नेव्हनं लायब्ररीतून छापून आणलं. चोवीस पानं. त्यानं टेबलावर ठेवली आणि कोंबड्यांकडे गेला.

सतराव्या पानावर आम्ही आहोत. 'बारा नागरिकांनी तीन दिवस पुराव्याचा बारकाईनं विचार केला. एकमत होत नसतानाही त्यांनी घाई केली नाही. साक्षीदारांना पाहण्याऐकण्याची संधी त्यांना होती, ती आम्हाला नाही. साक्षीदारानं सांगितलेली वेळ अंदाजे होती, असं मानणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांच्या निर्णयात आम्हाला असमंजस असं काही दिसत नाही.'

खरं लिहायचं तर पहिल्यांदा मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. घाई केली नाही! बारकाईनं! मोठमोठ्यानं दोनदा वाचलं. मी असमंजस नाही असं न्यायालयानं लिहून दिलंय.

मग उरलेली पानं वाचली. तिसरी न्यायाधीश एकटी पडलेली. ती म्हणते, सुनेनं तीनदा तीच वेळ सांगितली, पावतीला कोणी आव्हान दिलं नाही, अठरा मिनिटांत तो माणूस तिथं पोचू शकत नव्हता, गवत ओलं असण्याची शक्यता कोणी मोडून काढली नाही. पबमधला राग म्हणजे पुरावा नव्हे. 'अशा वेळी प्रामाणिक ज्यूरीला शंका यायलाच हवी होती.'

हे सगळं मी बोलले होते. त्या खोलीत. बुधवारी आणि गुरुवारी. 'राग म्हणजे पुरावा नव्हे' हे तर जसंच्या तसं, सात नंबरला, बोट रोखून.

मला शंका आली होती. मग ती गेली कुठे?

शनिवार, २८ एप्रिल

सकाळी न्याहारीला नेव्हला विचारलं. कायदा गेला खड्ड्यात. म्हटलं, "त्या शुक्रवारी मी कोर्टातून आले, ते तुला आठवतं?"

"आठवतं."

"मी काय म्हणाले? निर्णयाबद्दल?"

तो टोस्टला लोणी लावत राहिला. मग म्हणाला, "निर्णयाबद्दल काहीच नाही. दारातून आत येता येता विचारलंस, सुरीला धार लावून आणलीस का."

"आणि?"

"आणली होती. मग तू म्हणालीस, बरं झालं, जमलं एकदाचं, उद्याचं हुकलं असतं."

"तू मला कधी बोलला नाहीस."

"तू मला कधी विचारलं नाहीस, कोरल."

आता लिहिते. खिडकीपाशी उभी राहून मी पुरावा घोळवला नव्हता. तिथून प्रदर्शनाच्या हॉलचं छप्पर दिसतं. मी विचार करत होते की उद्या दहाला इथं बसलो तर माझ्या जागी मार्जरी पेन उभी राहील आणि तिला फ्रूट केकमधलं ओ की ठो कळत नाही. बारा वर्षं वाट पाहिलेली. मी म्हटलं, वरचं कोर्ट असतंच की, चुकलं असेल तर ते बघतील. आणि हात वर केला.

वरच्या कोर्टानं बघितलं. आणि म्हणालं, ज्यूरीनं नीटच विचार केला असणार.

रविवार, ६ मे

आठवडाभर केरी आली नाही. मला वाटलं सुटले, आणि वाटलं म्हणून शरम वाटली. आज दुपारी तिच्याकडे गेले.

ती बस धूत होती. डोळे सुजलेले, पण पाहून हसली. "या. वकीलबाई म्हणते अजून त्याच्याही वरचं, कॅनबेराचं कोर्ट आहे. घेतील की नाही सांगता येत नाही. ट्रॉय म्हणतो पुरे आता, उरलेली वर्षं काढतो. मी म्हटलं, नाही. तीन न्यायाधीशांतली एक आपल्या बाजूनं आणि बारांतली एक आपल्या बाजूनं. दोघी आहेत."

"केरी, ती मी नव्हते," म्हटलं.

"काय?"

"ती एक. ती मी नव्हते. ती लायब्ररियन होती, निकालानंतर महिन्याभरात बदली घेऊन गेली. आम्ही दोघी होतो. दोघी अडून राहिलो असतो तर निर्णयच झाला नसता. ट्रॉय त्या दिवशी घरी आला असता. मी बदलले."

तिच्या हातातल्या पाइपातून पाणी तिच्या बुटांवर पडत होतं. तिला ते कळत नव्हतं.

"तुम्हाला वाटलं त्यानंच केलं?"

"नाही."

"धमकावलं कोणी?"

"नाही."

"मग?"

मी सांगितलं. शनिवारचं, केकचं, मार्जरी पेनचं. त्या अंगणात उभी राहून ते बोलताना प्रत्येक शब्द इतका लहान वाटत होता की मी तो पुन्हा म्हणत होते, तिला ऐकू गेला नसेल म्हणून. घड्याळाचंही सांगितलं. 

मग तिनं जाऊन नळ बंद केला. परत आली.

"हे कोर्टात चालेल? कॅनबेराला?"

"नाही. मी पत्र लिहिलं होतं. त्यांना आमचं ऐकायला बंदी आहे. कुठलंच कोर्ट ऐकणार नाही."

"म्हणजे याचा ट्रॉयला काहीच उपयोग नाही."

"नाही."

"मग मला का सांगितलंत?"

मी म्हटलं, "खरं कळावं म्हणून." तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मला कळलं असतं काय करायचं.

"ट्रॉय आत गेल्यापासून या गावात माझं एकच माणूस होतं, कोरल," ती म्हणाली. "आज तेही नेलंत. आता मी ट्रॉयला काय सांगू?"

 गाडीत येऊन बसले, आणि तिनं पाइप गुंडाळून ठेवेपर्यंत मला चावी सापडली नाही.